वही सांभाळणारा भाऊ

आमच्या बाबांना चर्चमध्ये सगळे कारभारी म्हणतात. हे नाव त्यांना इतकं आवडतं की कुणी चेष्टेनं तसं म्हटलं तरी त्यांची मान दोन बोटं वर जाते. कारभार म्हणाल तर काय, दोन वह्या. एक सभासदांची नोंदवही आणि दुसरी सभांच्या इतिवृत्ताची. सेहेचाळीस वर्षं या दोन वह्या त्यांच्या ताब्यात होत्या. ताब्यात म्हटलेलंही त्यांना खपत नाही. "ताब्यात असते ती आपली वस्तू. ही मंडळीची आहे. आपण फक्त सांभाळायची," असं ते मला लहानपणापासून ऐकवत आलेत. मी दाताच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते, दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघते, त्यामुळे माझ्या तोंडालाही फारसं झाकण नाही. मी एकदा म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही आम्हाला सांभाळलं नाहीत एवढ्या मायेनं." ते हसले नाहीत. त्यांना वाटलं, मी तक्रार करतेय. करतच होते.

धंद्यानं ते बुकबाइंडर. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. भिंतीला लावलेले पुठ्ठे, कापडाचे रोल, खळीचा डबा, आणि मधोमध लोखंडी दाब, ज्याचा स्क्रू फिरवताना त्यांच्या कपाळाची शीर उभी राहायची. वकिलांची, शाळांची, कारखान्यांची पुस्तकं बांधून बांधून त्यांची बोटं अशी झाली होती की अंधारात पाठीवरून हात फिरवला तरी कुठली शिलाई किती सैल आहे ते सांगायचे. चर्चच्या दोन्ही वह्या त्यांनी एवढ्या वर्षांत दोनदा नव्यानं बांधल्या. दर वेळी आठवडाभर दुकान बंद. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, "मंडळीचं काम आहे, नंतर या." गिऱ्हाईक नंतर यायचं नाही, दुसरीकडे जायचं.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे सगळे सभासद, बाप्टिस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. माणसानं कळत्या वयात सगळ्यांसमोर उभं राहायचं, आपल्या तोंडानं आपला विश्वास सांगायचा, मग व्यासपीठाखालच्या हौदात उतरायचं. पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, त्याला पूर्ण पाण्याखाली नेतो आणि वर काढतो. मग मंडळी हात वर करून त्याला सभासद करून घेते आणि नाव वहीत चढतं. मंडळीच्या डोक्यावर दुसरं कुठलं ऑफिस नाही, कुणी मोठे धर्मगुरू नाहीत. जे काही ठरतं ते हात वर करून ठरतं. वर फक्त देव, आणि तो सभेला येतो असं म्हणतात, पण हात वर करताना त्याला कुणी पाहिलेलं नाही.

नाव चढतं तसं उतरतंही. माणूस वारला की नावापुढे बारीक क्रूस. दुसऱ्या गावच्या मंडळीत गेला की 'पत्र दिले' असा शेरा. आणि मंडळीनं काढून टाकलं तर नावावर लाल शाईची आडवी रेघ. शंभर वर्षांत अशा लाल रेघा अकरा. त्यातली एक माझ्या आत्याच्या नावावर होती.

आत्या बाबांपेक्षा सात वर्षांनी मोठी. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, या माणसाची तार त्या माणसाला जोडायची. नवीन मुलींना शिफ्ट मिळायच्या त्या कुणालाच नको असलेल्या, म्हणजे रविवारच्या. ती रविवारच्या शिफ्ट करायची म्हणून बाबा बांधणीचं काम शिकू शकले, नाहीतर त्यांना तेव्हाच कुठेतरी हमालीला लावावं लागलं असतं. ती त्यांना 'चिकट्या' म्हणायची, कारण संध्याकाळी घरी आले की हातांना खळ लागलेली असायची आणि दाराची कडीसुद्धा चिकट व्हायची. सत्त्याहत्तराव्या वर्षीही ती त्यांना चिकट्याच म्हणते, आणि सत्तरीचे कारभारी 'ओ' देतात.

मंडळीचा नियम असा होता की सभासद लागोपाठ सहा महिने प्रभुभोजनाला आला नाही तर दोन डीकनांनी घरी जाऊन विचारपूस करायची. डीकन म्हणजे मंडळीनं निवडलेले वडीलधारे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पावाचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले फिरतात, आत्या त्या वेळी बोर्डासमोर बसलेली असायची. सहा महिन्यांनी दोन डीकन आले. ती नुकतीच शिफ्टवरून आली होती, पाय सुजलेले, कानात अजून घंट्या वाजत होत्या. त्यांनी विचारलं, प्रभूच्या मेजाकडे पाठ का फिरवलीस? ती म्हणाली, "पाठ कुठे फिरवली? प्रभूला माझी एवढी गरज असेल तर त्याला एक्सचेंजचा नंबर माहीत आहे. लाइन मीच जोडून देईन."

त्या दोघांना विनोद कळत नव्हता, आणि हे त्यांच्या बाबतीत सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या सभेत इतिवृत्तात नोंद झाली, 'भगिनीने उर्मट व देवनिंदक उत्तर दिले.' नाव कमी करण्याचा ठराव आला. आत्या सभेत नव्हती, शिफ्टवर होती. बाबा होते. एकोणीस वर्षांचे, तीन आठवड्यांपूर्वीच हौदातून बाहेर आलेले, मतदानाचा हक्क पहिल्यांदा मिळालेला. ज्या डीकननं ठराव मांडला त्यानंच त्यांना बांधणीच्या दुकानात चिकटवलं होतं. ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमत म्हणजे काय हे तुम्हाला कळलं असेलच.

ही गोष्ट मला बाबांनी सांगितली नाही. आत्यानं सांगितली, मी पंधरा-सोळा वर्षांची असताना, भांडी घासता घासता. "घरी आला तेव्हा तोंड पाडून बसला होता. म्हणाला, ताई, मी पण हात वर केला. मी म्हटलं, जेवलास का?" मी संतापून विचारलं, तू त्यांना काहीच बोलली नाहीस? ती म्हणाली, "काय बोलणार गं? सगळं सभागृह हात वर करून बसलेलं, त्यात एक पोरगं खाली हात ठेवून बसणार होतं का? मी असते तर मी सुद्धा घाबरले असते." मला हे पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. ती घाबरली नसती.

पुढे शिफ्ट बदलल्या आणि ती पुन्हा चर्चला येऊ लागली. माफी मागून परत सभासद होता येत होतं. तिनं मागितली नाही. "कशाची मागू? नोकरीची?" म्हणायची. पण येणं सोडलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षं ती शेवटच्या बाकावर बसली. सगळी गीतं खणखणीत म्हणायची, प्रवचन लांबलं तर मला कोपरानं ढोसायची. पहिल्या रविवारी ताट फिरायचं. शेवटच्या बाकापर्यंत आलं की डीकन तिच्यासमोर क्षणभर घुटमळायचा आणि पुढे सरकायचा. आमच्याकडे ते सभासदांनाच मिळतं. ताट धरणारे डीकन बदलले, म्हातारे झाले, मेले, त्यांची मुलं ताट धरू लागली. घुटमळणं तसंच राहिलं.

आणि या सगळ्या काळात तिच्या नावाचं पान बाबांच्या हातात होतं. दोनदा त्यांनी ती वही उसवली, पान न् पान सुटं केलं, फाटलेल्या कडांना पातळ कागद लावला. त्या रेघेचं पान त्यांच्या मेजावर दोन-दोन दिवस वाळत पडलेलं असणार. मी एकदा विचारलं, गाळून का नाही टाकलंत? बाबा माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांना खून करायला सांगितला. "अगं, मंडळीनं लिहिलंय ते. बरं असो वाईट असो. माझ्या बहिणीचं आहे म्हणून मी गाळलं, तर उद्या दुसरा आपल्या आजोबांचं गाळेल. मग राहिलं काय?" त्यांचं म्हणणं खरं होतं. तीच तर पंचाईत होती, त्यांचं म्हणणं नेहमी खरं असायचं. पण सभेत उभं राहून 'तो ठराव चुकला होता, फिरवा' एवढं म्हणायला त्यांना कुठल्या वहीनं अडवलं होतं? ठराव मांडणारा डीकन जिवंत होता तोवर त्याची भीड. तो गेल्यावर त्याच्या बायकोची भीड. मी त्यांच्या तोंडावर त्यांना भित्रे म्हटलेलं आहे, इथे लिहायला लाज वाटायचं कारण नाही.

मागच्या वर्षी आत्याच्या हृदयानं कुरबुर सुरू केली. डॉक्टरांनी जिने बंद केले, मीठ बंद केलं, आणि किती दिवस हे सांगायचं टाळलं. एका रविवारी चर्चमधून रिक्षानं परत येताना ती मधेच म्हणाली, "चिकट्या, मला एकदा त्या ताटातला तुकडा घ्यायचाय. कुणी दया म्हणून नको. माझा आहे म्हणून." अख्ख्या आयुष्यात तिनं बाबांकडे काहीतरी मागितलं असं मी पहिल्यांदा ऐकलं.  घरी पोचल्यावर बाबा मला म्हणाले, "शंभरावं वर्ष आहे मंडळीचं. वार्षिक सभेत मी ठराव मांडतो. जुनं इतिवृत्त वाचून दाखवायचं, ते चुकलं म्हणायचं, रद्द करायचं. ताईनं काही करायची गरज नाही. माफी मंडळीनं मागायची."  मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला, आणि हे मी खोटं सांगत नाही.

शंभर वर्षांसाठी वारसा समिती नेमली होती. समितीचे प्रमुख निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना सर म्हणतात. वाईट माणूस नाही. पांढरे स्वच्छ कपडे, स्वच्छ अक्षर, स्वच्छ विचार. त्यांना घाण आवडत नाही, हाच काय तो त्यांचा दोष. प्रवेशदालनात वारसा भिंत करायची, जुन्या वस्तू काचेत लावायच्या, आणि नोंदवही जीर्ण झाली म्हणून सभासदांची यादी नव्यानं, कॉम्प्युटरवर, नीटनेटकी करून घ्यायची असं ठरलं. सर स्वतः वह्या न्यायला घरी आले.

मी आदल्या दिवशीच बाबांना म्हटलं होतं, "देण्याआधी मला त्या दोन पानांचे फोटो काढू द्या." मोबाइल हातात घेऊनच उभी होते. बाबांनी वह्यांवर हात ठेवला. "इतिवृत्त सभेबाहेर वाचायचं नाही, उतरवून घ्यायचं नाही. नियम आहे."

"फोटो म्हणजे उतरवणं नव्हे."

"मग काय आहे?"

"बाबा, आत्याचं पान आहे ते!"

"म्हणूनच नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं असतं तर एक वेळ विचार केला असता."

मी तेव्हा त्यांच्या हातून वही ओढून घ्यायला हवी होती. मी चाळिशीची बाई, ते सत्तरीचे, जोर माझ्यात जास्त. पण मीही वळण लागलेली मुलगी निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही वह्या धुतलेल्या कापडात गुंडाळून सरांच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "दमट जागी ठेवू नका. पाठीवर वजन देऊ नका." सर म्हणाले, "कारभारी, तुम्ही निश्चिंत राहा." बाबा निश्चिंत राहिले.

दोन महिन्यांनी साध्या तिमाही सभेत नवी यादी मंजुरीला आली. भिंतीवरच्या पडद्यावर नावं झरझर सरकत गेली. बाबांनी लांबचं बघायचा चष्मा आणला नव्हता. कुणीतरी म्हणालं, 'ही यादी खरी व पूर्ण आहे असे ही सभा मानते.' हात वर झाले. बाबांचाही झाला. मी दवाखान्यात होते, मला हे नंतर कळलं. मी विचारलं, न वाचता हात कसा वर केलात? म्हणाले, "नक्कल आहे ती. मूळ वही आहेच की."

वारसा भिंतीचं उद्घाटन झालं त्या रविवारी दालनात गर्दी होती. पहिल्या पाळकांची खुर्ची, एक फुटका ऑर्गन, बायकांनी भरतकाम केलेला मेजावरचा कपडा. एका चौकटीत नोंदवहीचं पहिलं पान, संस्थापक सतरा सभासदांच्या सह्यांसह. दुसऱ्या चौकटीत पहिल्या बाप्तिस्म्याची नोंद. आणि मधल्या काचेच्या पेटीत, वर दिवा सोडलेला, बाबांनी बांधलेली नोंदवही, मिटलेली, पाठ बाहेर. खाली पट्टी, 'आमचा जपलेला वारसा.' लोक बाबांचं अभिनंदन करत होते, पाठीवर थाप मारत होते. बाबा काचेला नाक लावून उभे होते.

"ही रिकामी आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बाहेरून तर सगळं जसंच्या तसं दिसत होतं. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "पाठ बघ. आत शिलाई असली की पाठ गोल राहते. ही सपाट बसलीय. आत काहीतरी कोंबलंय. पानं नाहीत."

सर शेजारीच होते. त्यांना लपवायचं काही नव्हतं, त्यांनी हसतमुखानं सांगितलं. चौकटीसाठी पहिली पानं काढायला वही उसवावी लागली, त्यात बाकीची सुटी झाली. वास येत होता, कसर लागली होती, सजावटवाल्या बाई म्हणाल्या काचेत ठेवली तर बुरशी धरेल. म्हणून आत थर्मोकोलचा ठोकळा कापून बसवला. वजनालाही हलका पडतो.

"आणि पानं?" बाबांनी विचारलं.

"नवी यादी झालीच होती ना. आणि इतिवृत्तातलं महत्त्वाचं सगळं स्मरणिकेत घेतलंय. उरलेलं रद्दीत दिलं." मग बाबांचा चेहरा बघून सरांचा आवाज मऊ झाला. "कारभारी, जुनं ते सगळंच वारसा नसतं हो. भांडणं, कुणाला काढलं, कुणी काय बोललं. पुढच्या पिढीनं काय म्हणून वाचायचं ते? त्यांना प्रेरणा हवी."

"काढलेल्यांची नावं नव्या यादीत घेतलीत?" मी विचारलं.

"रेघ मारलेली नावं कशी घेणार?" सर म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "काढलेलीच होती ती."

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर कुणाचा तरी हात धरला, आणि तो हात माझा होता. आत्या तेव्हा दालनाच्या दुसऱ्या टोकाला बसून कुणाच्या तरी नातवाला टाळ्या शिकवत होती.

वार्षिक सभा शनिवारी दुपारी होती. सभेला फक्त सभासद. आत्या घरी होती. बाबांनी दाढी केली, कोट घातला आणि कागदावर ठराव लिहून नेला. वेळ आल्यावर उभे राहिले. अमुक साली या मंडळीनं माझ्या बहिणीचं नाव अन्यायानं कमी केलं, तो ठराव रद्द करून तिला परत सामावून घ्यावं. एवढंच वाचलं. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी इथेच होतो. मीही हात वर केला होता. ती माझ्या शिक्षणासाठी रविवारी कामाला जात होती, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही."

 ही गोष्ट बोलायला त्यांना एक्कावन्न वर्षं लागली होती. मी शेवटच्या बाकावर बसून रडत होते, आणि मी रडणाऱ्यांपैकी नाही.

पाळकसाहेब तरुण आहेत, मनानं चांगले. त्यांनी समोरची नवी यादी उघडली, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "कारभारी, नोंद कुठली आहे? यात नाव नाही."

"काढलं होतं म्हणून नाही."

"काढल्याचीही नोंद नाही. बाप्तिस्म्याचीही नाही. आणि ही यादी खरी आणि पूर्ण आहे असं सभेनं मंजूर केलंय. तुमचाही हात होता." त्यांना बोलताना त्रास होत होता, हे मी कबूल करते. "जो ठराव कागदावर नाही तो रद्द कसा करायचा? जी व्यक्ती कधी सभासद नव्हती तिला परत कसं घ्यायचं?"

"मी सांगतोय ना," बाबा म्हणाले.

सर उठले. अगदी आदरानं बोलले. "तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे. पण आम्हाला तुम्हीच शिकवलंत. वहीत आहे ते खरं, तोंडी कुणाचं काही नाही. नात्यातलं असेल तेव्हा तर नाहीच."

एक्कावन्न वर्षांपूर्वीच्या त्या सभेला हजर असलेलं बाबांखेरीज आता एकच माणूस उरलं होतं, शिवणकामवाल्या काकू, बाबांच्याच वयाच्या. सगळे त्यांच्याकडे वळले. काकूंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "मी तेव्हा नवीन होते हो. एवढं काही आठवत नाही." मी जागेवरून ओरडले, "काकू, तुम्ही दर महिन्याला ते ताट तिच्यासमोरून पुढे जाताना बघता आणि तुम्हाला आठवत नाही?" मला खाली बसायला सांगण्यात आलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचाही हात वर होता त्या दिवशी, दुसरं काय.

शेवटी पाळकसाहेबांनी मार्ग काढला. मार्ग काढल्याशिवाय आमची सभा संपत नाही. आत्यांनी नव्यानं अर्ज करावा, मंडळीसमोर साक्ष द्यावी, बाप्तिस्मा घ्यावा. त्यांची तब्येत बघून सगळी काळजी घेतली जाईल. हौदाला आता हीटर बसवलाय, पाणी कोमट असतं. सगळ्यांचे चेहरे उजळले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. 

घरी आलो तेव्हा आत्या खिडकीजवळ बसून चष्मा पुसत होती. बाबांनी कोट न काढता तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वही कशी दिली, मला फोटो कसा काढू दिला नाही, यादीला हात कसा वर केला, थर्मोकोल, सर, काकू, कोमट पाणी.  ती हेडफोन लावून ऐकायची तसं ऐकत होती.

"दुसऱ्यांदा उतर म्हणतात?" शेवटी तिनं विचारलं.

"हो."

"मी एकदा खाली गेले, एकदा वर आले. आता परत उतरायचं म्हणजे तेव्हा मी नुसती आंघोळ केली होती असं म्हणायचं. ते माझ्याच्यानं होणार नाही."

"ताई, मी पुन्हा बोलतो. पुढच्या सभेत..."

"कुणाबद्दल बोलशील?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "एवढी वर्षं मी त्या बाकावर बसले, ती काढलेली बाई म्हणून बसले. काढलेल्या बाईला कधी ना कधी परत घेता येतं, म्हणून बसले. आता मी तिथे कोण म्हणून बसू, चिकट्या?"

बाबा तिच्या पायाशी खाली बसले. म्हातारा माणूस खाली बसतो तेव्हा आधी हात टेकतो, मग गुडघा. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मला वाटलं होतं, ठेवेल.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. सकाळी बाबा तयार झाले आणि सवयीनं तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. ती पलंगावर बसली होती, घरातल्या कपड्यांत, केस न विंचरता. पन्नास वर्षांत आजारपण सोडून ती रविवारी अशी दिसली नव्हती.  उशीर होत होता. खालच्या रस्त्यावरून ओळखीची माणसं चर्चकडे जाताना दिसत होती.

"तू जा," आत्या म्हणाली. "तुझं नाव आहे."

आणि बाबा गेले.